रिक्तिका

सहाच्या पडावानं एदेल्मीरा येते,
शिंपल्यांच्या कारखान्यातून थेट.
बोटांना चिरा, चिरांत मीठ.
चिलोए बेटावरच्या आमच्या रात्रशाळेत
सूक्ष्मदर्शक एकच,
त्याचाही आरसा तडकलेला.

कांदा आणा, म्हटलं होतं मी.
तिनं आणला बटाटा, जांभळा, वेडावाकडा.
"कांदा विकत घ्यावा लागतो," म्हणाली.
काप तिनंच काढला.
माझ्या हातचे जाड येतात.

भिंगाखाली खोल्याच खोल्या, भिंतीला भिंत लागून,
आत पांढरे खडे, पिठाचा साठा.
ही पेशीभित्तिका, मी सांगतो. तिच्या आतून पटल,
कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही, ते ठरवणारं.
"म्हणजे माझी थोरली जाऊ,"
आणि मागच्या बाकावरचा बार्रिया, जन्माचा नावाडी,
खोकता खोकता हसतो.

उजेडात पडलेला बटाटा हिरवा होतो, कडवट होतो,
हे तिला माझ्याआधी ठाऊक.
पण जांभळा कुठं राहतो?
रिक्तिकेत, बाई.
नावाचा अर्थ रिकामी,
आणि पाणी, आंबटपणा, रंग
सगळं तिच्याच पोटात.
ती काही बोलली नाही. डोळा बदलून
पुन्हा बघत राहिली.

तंतुकणिकेपाशी घाई झाली माझी.
पेशीची चूल, असं फळ्यावर लिहिलं
आणि घड्याळ बघत बोलून गेलो,
ही फक्त आईकडून येते.
"आईला तिच्या आईकडून?"
हो. तशीच मागं, मागं.
"आणि मला तिघे मुलगेच."
मुलांत आहे ती, म्हणालो, पेटलेली आहे.
पण त्यांच्या लेकरांना त्यांच्या आयांची.
"मग आमची इथंच विझणार."
खडू माझ्या हातात तसाच.
पुस्तकात यापुढं स्वाध्याय होता,
रिकाम्या जागा भरा.

जुलैत, थंडीत, परीक्षा झाली.
तंतुकणिकेचे कार्य लिहा, गुण दोन.
तिनं लिहिलं, ऊर्जा देणे.
खाली आकृती. केंद्रक जरा मोठं आलंय,
रिक्तिकेत रंग भरलाय, जांभळा;
रंगपेटीतला नव्हे, बटाटा घासलेला,
कागद तिथं पोपडून उठलाय.
नावं सगळी बरोबर.
फक्त एका तंतुकणिकेला दुसराही बाण,
आणि बाणाच्या टोकाला, गिरवून गिरवून,
दोमितिला.

दोन्ही गुण दिले.
लाल पेन त्या बाणापर्यंत नेलं,
मग टोपण लावलं.