खळ

मे महिन्यात हिंगण्याच्या शेडमध्ये पत्र्याखाली सत्तेचाळीस,
आणि दुर्योधन हेडाऊ म्हणतो,
"अजून थंड आहे, मॅडम."
तो बिलेटबद्दल बोलतोय.

मॅग्नेशियमचं बिलेट उचलताना हात फसतो,
भरलेली समजून रिकामी घागर उचलावी
तसा वर उडतो.
थंड असताना हा धातू अडेल.
आतले थर एकाच अंगाने सरकतात,
पत्त्यांच्या कॅटसारखे,
बाकीच्या वाटा बंद.
सव्वादोनशेच्या पुढे त्या उघडू लागतात,
इतवारीत सकाळी आधी एक शटर वर जातं,
मग गल्लीभर खडखडाट.

मी वहीत लिहिते:
अ‍ॅल्युमिनियम तीन, जस्त एक, मँगनीज चिमूटभर.
तापमान तीनशे ऐंशी. मिनिटाला आठ मीटर.
नळी निघाली ती गालावरून फिरवावी इतकी गुळगुळीत.

पुण्याचं गिऱ्हाईक म्हणालं, ताकद वाढवा.
वाढवली. तिनाचे आठ केले.
तापमान तेच, वेगही तोच,
कारण देवगडे साहेबांना पाळीचा हिशेब तोच हवा होता.
डायच्या तोंडातून नळी आली
रोहूसारखी, खवल्याखवल्यांची,
आणि भेगांच्या कडेला वितळून गेल्याच्या खुणा.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं:
दाण्यांच्या बांधाबांधावर अ‍ॅल्युमिनियम ठाण मांडून बसलेलं.
तिथला धातू बाकीच्यांच्या आधी वितळतो.
वेगाने दाबलं की घर्षणाचा ताप चढतो,
आणि बांध फुटतात.
ताकद देणारं जे,
तेच गरम कामात सर्वांत आधी पाय सोडतं.

हेडाऊला हे सांगितलं तर तो म्हणाला,
"आमच्या घरी माहीत होतं जी."
त्याचे वडील गोळीबार चौकात मागावर बसत.
खळ कमी पडली तर सूत पिंजतं,
जास्त झाली तर ताठरतं, फणीत कटकट तुटतं.
"बाबा बोटावर घेऊन चाखत. तांदळाची असे.
तुमचं हे चाखता येत नाही, तोच वांधा."

मग मी दाणा बारीक करायला निघाले.
पुस्तकी हुशारी: झिर्कोनियम.
अ‍ॅल्युमिनियम असलेल्या घरात ते नांदत नाही,
हे त्याच पुस्तकात पुढच्या पानावर होतं.
दोघं एकमेकांना धरून मुशीच्या तळाशी गेले,
महागडा गाळ.
वहीत ते लाल पेनाने आहे, तारखेसकट.

मँगनीज मात्र निमूट.
ताकदीत त्याची फारशी भर नाही.
रसात चोरून शिरलेल्या लोखंडाला धरून ठेवतं,
नळीला पुढे ओल कमी बाधते, एवढंच.
हेडाऊची बायको मनसरची.
खाणीच्या त्या काळ्या मातीला तो म्हणतो
सासरवाडीचा माल.

शेवटी बिलेटं रात्रभर चारशेवर मुरवली,
दीड मीटरवर आणला वेग.
देवगडे साहेब घड्याळाकडे बघत उभे,
प्रेस सावकाश, कूलरचा आवाज तिच्यापेक्षा मोठा,
कोपऱ्यात कोरड्या वाळूच्या बादल्या
(इथे आगीवर पाणी टाकायचं नसतं,
नव्या पोरांना आधी हेच शिकवतो).
नळी आली. सलग. थोडी काळपट.
ओढून पाहिली, गिऱ्हाइकाच्या आकड्याच्या वर गेली.
कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत,
पाळीत शंभराच्या जागी एकोणीसच झाल्या होत्या.

खवल्यांचा एक तुकडा हेडाऊने घरी नेला.
दुसऱ्या दिवशी मी विचारलं, बाबा काय म्हणाले?
बाबांना आता दिसत नाही.
अंगठा फिरवला त्यांनी, दोनदा, उलटसुलट.
"म्हणाले, खळीचं काही नाही.
घाई केली यानं."

मी अजून ठरवू शकले नाही.
वहीत दोन्ही रकाने आहेत,
अ‍ॅल्युमिनियमचा आणि वेगाचा,
मधली रेघ घामाने पुसट झालेली.
बाबांनी नंतर विचारलं म्हणे,
एवढं हलकं,
नेसायचं की पांघरायचं?