बांधावरचा फणस

वेंगुर्ल्याच्या कोर्टात आरोलकर वकील
अकरा वर्षं एकच दावा लढले:
बांधावरचा फणस कुणाचा.
फी म्हणून कधी गरे, कधी सुंगटं.

मग मंत्र्यांची भाषणं लिहायला गेले.
टाळ्यांच्या जागी कंसात ‘थांबा’ लिहीत;
मंत्री एकदा तेही वाचून मोकळे झाले.

सरकार पडता पडता राजदूत केलं त्यांना,
समुद्रच नसलेल्या देशात.
तिथल्या प्रत्येक फोटोत एक गाल फुगलेला:
आत आमसूल.

परवा बंदरावर बाबलो गावडे आडवा आला.
“सायबानू, फणस आमचोच मा?”
‘सौहार्दपूर्ण चर्चा’ ओठांवर आली होती,
मी पाहिलं, गिळली.
“झाड कसा आसा?”
“ता गेला वादळात.”
“आणि दावो?”
“दावो आसा.”

साहेबांनी बांगड्यांची पिशवी
माझ्या हातात दिली
आणि खिशात पेन शोधू लागले.