टाइट

सातपूरला तिसऱ्या शिफ्टमध्ये
गायखेमामा पाना फिरवून म्हणत, टाइट.
महिनाअखेरीलाही तोच शब्द,
फक्त आवाज उतरलेला.
आणि पगाराच्या रात्री
सायकलच मामांना धरून आणायची,
तेव्हा गल्ली म्हणे, आज टाइट आहेत.

पुढं कॉलेजात डिक्शनरी उघडली:
साहेबसुद्धा प्यायला की टाइटच!
मामांना सांगितलं. खूश झाले.
"तिकडंही आधी एखादा फिटरच म्हणाला असणार.
शब्द कारखान्यातून सुटतो
अन् गुत्त्यावर जाऊन बसतो."

परवा सिव्हिलमध्ये
नर्सनं दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला,
फुगा दाबत विचारलं,
"काका, टाइट होतंय?"

मामा सावरून बसले.
"अकरा वर्षं झाली, सिस्टर.
एक थेंब नाही."