मागचं चाक

होल्गिनच्या गल्लीत एलिएसेर
तिसरं चाक भिंतीला टेकवतो.
पहिलं ॲल्युमिनियमचं, देखणं; बोटानं ढकललं की
फिरतच राहतं, गप्प.
दुसऱ्याला रिमपाशी बारीक चीर.
हे तिसरं जुन्या चिनी सायकलचं, जड, गंजकं,
हबला अजून कुणाच्या तरी परसातली माती.

"मोटर पाण्याच्या पंपाची," तो म्हणतो,
"ती नुसती ढकलणार. सोसायचं मागच्यानं."

युसिमी तारांवर पाना वाजवत जाते,
एकेक, कान लावून.
बाप यावरून हिबाराला जाणार मासे आणायला,
येताना बर्फाच्या पेटीसकट,
आणि चढावर तो उतरत नाही, हे तिला ठाऊक.

एकोणिसावी तार खोटं बोलते.
बाकीच्या खणखणीत.

ती तिथं खडूनं खूण करते
आणि म्हणते, हेच.