फरशी

फेब्रुवारीत माणसाने मरू नये,
पामफिल म्हणतो आणि पहार उचलतो.
हात्सेगच्या खोऱ्यात माती गोठून दगड झाली आहे.
येरोनिम मास्तरांना उद्या पुरायचं,
आणि खड्डा अजून गुडघाभर.

मी दुधाचा टँकर रस्त्याकडेला लावून उभी.
दूध. लाप्ते.
मास्तर फळ्यावर आधी लिहायचे लाक्ते,
मग 'क'वर बोट ठेवायचे:
हा कुठं गेला, आग्लाया?
मला काय ठाऊक. माझ्या बुटात पाणी शिरलेलं असायचं.
घशातून निघाला आणि ओठांवर येऊन बसला.
इथल्या थंडीत तोंड उघडं कोण ठेवणार?
नोक्तेची न्वाप्ते झाली, ओक्तोचा ओप्त.
रात्र, आठ, दूध,
तिघांनीही ओठ मिटून घेतले.
हे कारण खोटं होतं,
पुढच्या तासाला त्यांनीच सांगून टाकलं.
खरं कुणालाच माहीत नाही, म्हणाले,
पण आता तुम्ही विसरणार नाही.

नाही विसरले.

पंचवीस वर्षं चाकरी करून
जमिनीच्या तुकड्यावर इथंच राहिलेला शिपाई:
वेतेरानुस.
त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला, तलवार गंजली,
मुलं मेंढ्यांमागे गेली,
आणि शब्दाच्या अंगावरचा गणवेश कधी उतरला
कुणी पाहिलं नाही.
उरला बत्रिन. म्हातारा.
कुठलाही म्हातारा. हा पामफिलसुद्धा,
ज्याने सैन्यात नुसते बटाटे सोलले.

इटलीतल्या मावशा
नामाच्या पुढे एक हुजऱ्या चालवतात.
आमचा मागून येतो, धनगराच्या कुत्र्यासारखा,
शेपटीला चिकटून.
लुप म्हणजे लांडगा, कुठलातरी.
लुपुल म्हणजे तोच तो,
गेल्या साली आमची गाभण मेंढी नेली तो.

लॅटिनला साधं 'हो' नव्हतं.
ते आम्ही स्लाव शेजाऱ्यांकडून उचललं: दा.
मित्र हा शब्दही त्यांचाच.
दुश्मान तुर्कांनी आणून दिला,
त्या शब्दाला लांबच्या प्रवासाची सवय आहे.
आणि चीज? ब्रिन्झा?
ते रोमच्याही आधीचं असावं, मास्तर म्हणायचे,
मेंढ्यांना विचारा.

एकाच धड्यापाशी ते थांबायचे.
प्लिकारे, दुमडणं.
इथं तंबू दुमडले, म्हणून अर्थ झाला निघून जाणं.
स्पेनमध्ये शिडं दुमडली, तिथं त्याचाच अर्थ येऊन पोचणं.
निदान लोक तसं सांगतात.
पुढे त्यांचा मुलगा ट्रक चालवायला सारागोसाला गेला.
तेव्हापासून खडू हातात धरून म्हणायचे:
एकच शब्द बघा.
त्याचं पोचणं, माझ्याकडून जाणं.
मग खिडकीतून बाहेर बघायचे, आणि आम्ही गोंधळ घालायचो.

खणकन् आवाज.
पामफिल वाकतो, बोटांनी माती सारतो.
लाल वीट, तिच्याशेजारी दुसरी,
कडेला कडा लावून, कुणीतरी मन लावून बसवलेली.
फरशी, तो म्हणतो.

पाविमेंतुम, माझ्या तोंडून निघतं.
धुमसून, ठोकून सपाट केलेली जमीन.
सैन्य गेलं, स्नानगृहांची छपरं बसली,
फरशी घालणारे हात संपले.
शब्द मात्र राहिला, आणि घर नसलेल्या पोरासारखा
पायाखाली जे होतं त्यालाच बिलगला.
पमिन्त.
माती. शेत. अख्खी पृथ्वी.
आम्ही चिखलात चालतो आणि त्याला फरशी म्हणतो.

संग्रहालयाला कळवायचं? मी विचारते.
कळवलं तर मास्तर आठवडाभर बाहेर,
पामफिल नाक पुसतो.
मग विटा तशाच ठेवून
डावीकडे दोन हात सरकतो
आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो, शिव्या देत.

फोन वाजतो. मास्तरांचा मुलगा.
कुठल्याशा पेट्रोलपंपावरून, झोप न झालेला आवाज.
बोलता बोलता आमचे शब्द अडतात,
मधेच त्याच्या तोंडून स्पॅनिश निसटतं: येगो.
पोचतोय.
पामफिल वर बघतो. काय म्हणतो?

निघालाय, मी सांगते.