शेरा

सातला दिवा लावायचा,
बांधाच्या टोकाला, जिथे खाजण संपतं
आणि खात्याचा साग सुरू होतो.
दिव्याखाली नरसाळं, नरसाळ्याखाली बादली,
बादलीत साबणाचं पाणी.
एवढंच माझं हत्यार.

पतंग दिसायला काहीच नाही.
वाळल्या पानाचा रंग, अंगठ्याच्या नखाएवढा.
वरचा पंख सरकवला की आत मात्र
काळ्यावर केशरी पट्टा,
घडीत राहून गेलेल्या काठासारखा.
साग खातो तो हाच, तिवर खातो तोही हाच.
गेल्या भादव्यात आठ दिवसांत
कालावलची अर्धी खाडी तांबडी पडली.
होडीतून जाताना झाडीत सर आल्याचा आवाज,
आणि आभाळ कोरडं.
अळ्यांची लेंडी होती ती,
पानावरून पानावर, दिवसभर.

पहाटे बादली चाळणीत ओतते,
जुन्या पेपरावर एकेक मांडते.
कोळंबी सोलून बोटांना सवय आहे
बारक्या जिवांची.
आई म्हणते, "किडे मोजूचे पैशे देतत?
मगे घरातले डास पण मोज."

वहीत रकाने पाच:
तारीख, चांदणं, नग, इतर, शेरा.
इतरमध्ये शेणकिडे, एखादा पाणढेकूण,
एकदा फिकट हिरवा चंद्रपतंग,
शेपट्या भिजलेल्या.
त्याला मी उन्हात वाळवला होता.
उडाला नाही.
शेरा नेहमी रिकामा.

सोमवारी एकेचाळीस.
मंगळवारी त्रेसष्ट.
बुधवारी दोनशे सात, मोजता मोजता चहा गार.
केळुसकर साहेब फोनवर म्हणाले, "चढतायत. लक्ष असू दे."
गुरुवारी चार.
शुक्रवारी काहीच नाही.
पाणी इतकं नितळ
की त्यात माझंच तोंड, विस्कटलेल्या केसांचं.
"छान," साहेब म्हणाले, "ओसरली लाट."

बॅटरी पाहिली, वायर पाहिली.
अमावास्या परवाच झालेली,
चंद्रावरही ढकलता येईना.
रात्री बांधावर बसून राहिले
तेव्हा पलीकडच्या सड्यावर नजर गेली.
नव्या हॉटेलची भिंत
पांढऱ्या फोकसांत उभी,
जणू कुणी धुतलेली चादर
खाडीवर वाळत घातली आहे.

सकाळच्या पहिल्या तरीने पलीकडे उतरले.
हॉटेलच्या मागच्या अंगाला
एक मुलगा झाडू मारत होता.
सुपलीत पतंगच पतंग,
काही अजून थरथरणारे.
"रोज तीन सुपल्या," तो म्हणाला,
"मालक ओरडतो, रंग खराब होतो."
मी तिथेच उकिडवी बसून मोजायला लागले.

तो हसला. थट्टेने नव्हे.
बुधराम मरावी त्याचं नाव, गाव मंडल्याकडे.
तिकडे सालाच्या जंगलात भुंगा लागायचा.
मग साल ठेचून ओंडके टाकून ठेवायचे,
रसाच्या वासाने भुंगे यायचे,
पिऊन झिंगून पडायचे, आणि त्याचा आजा
मुंडकी खुडून दोऱ्यात ओवायचा.
खातं डोक्यामागे पैसे द्यायचं.
"माळ घेऊन जायचा साहेबाकडे,
लग्नाला निघाल्यासारखा."

झाडू भिंतीला टेकवून तो समोर बसला.
सुपली आमच्या मधे.
त्याने विचारलं,
"तुमच्याकडे काय मोजतात, डोकी की पंख?"
मला हे कुणीच सांगितलं नव्हतं.
"डोकी," मी म्हटलं.

तो माझ्यापेक्षा वेगाने मोजत होता.
पहिल्या सुपलीचे सहाशे चाळीस झाले
तेव्हा आतून कुणीतरी त्याला हाक मारली.
बोटांना लागलेली करडी भुकटी
तो पॅन्टला पुसून गेला.

परतीच्या तरीत वही मांडीवर उघडली.
नग: ०.
शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवलं
आणि होडी हलली, अक्षर वाकडं आलं:
पलीकडची भिंत बघून घ्यावी.
खाली तिवराच्या शेंड्यांवरून
एकेक अळी, आपापल्या धाग्यावर,
उतरू लागली होती.