हातचा

दोन याद्या असतात आमच्याकडे.
एक जाड पांढऱ्या कागदावर छापलेली,
स्पीकरच्या जोडीची किंमत: चौदा लाख क्रोनर.
दुसरी माझ्या कुलपाच्या खणात,
शिक्के आणि खोकल्याच्या गोळ्यांसोबत.

आधी नऊ लाख होती किंमत.
नऊ लाखांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.
मग एका सोमवारी
काळ्या पावावर लोणी फासता फासता होल्गर म्हणाला,
बोडिल, चौदा कर.
लाकूड तेच, चुंबक तेच,
तांब्याची तार गुंडाळणारी ग्रेथेची बोटं तीच,
ग्रेथेचा पगारही तोच.
मी नवाच्या जागी चौदा टंकले
आणि वसंतापर्यंत सहा जोड्या गेल्या.

खणातल्या यादीत पहिलंच नाव एब्बे थोरसागर.
ओडेन्सचा. एकतीस वर्षं मासिकात लिहितो,
त्याचा एक परिच्छेद ओस्लोपर्यंत तिजोऱ्या उघडतो.
त्याच्यासाठी पंचेचाळीस टक्के कमी.
याला धंद्यात सोयीची किंमत म्हणतात,
कुणाची सोय, ते विचारायची पद्धत नाही.

फोनवर तो म्हणाला होता:
खालचे सूर घुमतात, सोफा हलवावा लागला.
लेखात सोफा जागचा हलला नाही.
चार पानं. व्हायोलिन वाजवणारी बाई
गज उचलण्याआधी श्वास घेते, तोही ऐकू येतो म्हणे.
आणि शेवटी: या किमतीला हे रास्तच.
मी ते वाक्य दोनदा वाचलं,
कुठल्या किमतीला ते शोधत.

लाच म्हणवत नाही मला.
पाकीट नव्हतं, चलन होतं,
त्यावर कर भरलेला, खाली माझी सही.
माणूस खाल्ल्या मिठाला जागला, एवढंच.
पण मिंधेपणा कुठल्या रकान्यात लिहायचा
हे मला व्यापारी शाळेत कुणी शिकवलं नाही.

नोव्हेंबरात तो आला, लेमविगच्या वाऱ्यात,
टोपी हातात धरून.
टेबलावर दोन कागद ठेवले.
एक कानाच्या डॉक्टरचा आलेख,
रेघ आठ हजारांपाशी येते
आणि बंधाऱ्यावरून खाली पडावी तशी पडते.
दुसरा धनादेश: सहा लाख तीस हजार.
उन्हाळ्याचं घर विकलं, म्हणाला,
आता छापील किंमत पुरी करून टाकतो.
कधीपासून ऐकू येत नव्हतं, ते नाही म्हणाला.

होल्गरने खिडकीबाहेर पाहिलं.
मी पाहिलं माझ्या वहीकडे.
त्याला कसं सांगायचं, की चौदा लाख
आजवर कुणीच दिलेले नाहीत?
दुकानदार चाळीस टक्के कापतो,
बर्गनचा जहाजवाला घासाघीस करून तारा फुकट नेतो,
दंतवैद्य जुनी जोडी देऊन नवी घेतो.
पुऱ्या किमतीचा रकाना
अकरा वर्षं कोरा आहे,
मी दर जानेवारीत त्याच्या रेघा मात्र नीट आखते.

मी कॉफी केली.
पलीकडे ग्रेथे नवी जोडी तपासत होती, तीच तबकडी.
एब्बे दारातच थांबला, डोळे मिटून,
आणि हळूच मला विचारलं:
घेते ना ती अजून श्वास?

मला तर हीटरची घरघर ऐकू येत होती.
घेते, मी म्हटलं.

चारच्या गाडीने तो गेला. धनादेश राहिला.
होल्गर म्हणतो फाडून टाक,
जमा केला तर पावतीवर कारण काय लिहिशील?
अजून खणात आहे, गोळ्यांच्या डबीखाली,
मुदत कधीच उलटली.
महिनाअखेर बेरीज करताना
सहा लाख तीस हजार मी हातचे धरते,
आणि पुढच्या रकान्यात मिळवायला
विसरते.